परदेशी रीफवर गटाने स्कूबाला जाताना: पात्रता, कागदपत्रं आणि त्यांचा क्रम

परदेशातल्या रीफवरची, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळखडकांवरची, गटाची स्कूबा सहल बहुतेक वेळा उलट्या टोकाने ठरते. आधी कुणाला तरी विमानाच्या तिकिटांवर सवलत दिसते, मग रिसॉर्ट किंवा बोट पक्की होते, मग व्हिसा. आणि प्रत्येकाच्या प्रकृतीचा कागद भरला जातो तो थेट तिकडे पोचल्यावर, डाइव्ह सेंटरच्या काउंटरवर, फिन्स बगलेत धरून. अशा काही गटांची कागदपत्रं सांभाळल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की माणूस व्हिसावर क्वचितच अडतो. तो अडतो त्या वैद्यकीय फॉर्मवर. म्हणून इथला क्रमही तसाच आहे: आधी माणूस पाण्यात उतरू शकतो का, मग किती खोल, मग कुठे, आणि तिकीट सगळ्यात शेवटी.

वैद्यकीय फॉर्म

जगभरातली बहुसंख्य डाइव्ह सेंटर एकच प्रश्नावली वापरतात. 'डायव्हर मेडिकल' या नावाने ती ओळखली जाते आणि २०२० साली तिची सुधारित आवृत्ती आली. एकूण पानं तीन. पहिल्यावर १० प्रश्न, दुसऱ्यावर त्यांचे पोटप्रश्न, तिसरं पान डॉक्टरांच्या सहीचं. दहाही उत्तरं 'नाही' असतील तर तुमची सही पुरते, डॉक्टरांकडे जायची गरज नाही.

'हो' आलं की गंमत सुरू होते, कारण सगळे 'हो' सारखे नसतात. तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या प्रश्नाला 'हो' म्हटलंत की थेट डॉक्टरांची सही लागते. तिसरा प्रश्न दमसासाचा आहे: १.६ किलोमीटर १४ मिनिटांत चालणं किंवा न थांबता २०० मीटर पोहणं जड जातं का. पाचवा गेल्या १२ महिन्यांतल्या शस्त्रक्रियेचा. आणि दहावा, ज्यावर निम्मे लोक फसतात, तो डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचा. रक्तदाबाची रोजची एक गोळीही त्यात येते. गर्भनिरोधक गोळ्या आणि मलेरियाप्रतिबंधक औषधं यांना सूट आहे, मात्र मेफ्लोक्विन त्या सवलतीतून मुद्दाम वगळलेलं आहे. रीफ असलेल्या काही प्रदेशांत मलेरियाचा धोका असतो, तेव्हा प्रवासाआधी औषध लिहून घेताना 'मी डाइव्ह करणार आहे' हे डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

बाकीच्या प्रश्नांना 'हो' म्हटलं तर दुसऱ्या पानावरच्या संबंधित चौकटीत जायचं. उदाहरणार्थ, वय ४५ च्या पुढे असणं एवढ्यानेच डॉक्टर लागत नाहीत. पण त्यासोबत धूम्रपान, वाढलेलं कोलेस्टेरॉल, उच्च रक्तदाब किंवा घरात पन्नाशीच्या आत हृदयविकार, यातलं काही असेल तर लागतात.

आमच्या एका गटातला प्रसंग सांगतो. वीसेक वर्षं डाइव्ह करणारा अनुभवी माणूस, रक्तदाबाची गोळी सुरू. त्याने प्रामाणिकपणे दहाव्या प्रश्नावर खूण केली. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म वाचला, शांतपणे फिरवून त्याच्यासमोर ठेवला आणि तिसऱ्या पानावर बोट टेकवलं. बेटावर डॉक्टर नव्हते. ते दुसऱ्या बेटावरून यायचे, तेही त्यांच्या सोयीने. दोन दिवस हा गृहस्थ जेट्टीवर बसून आमची बोट जाताना आणि येताना पाहत होता. घरून निघण्याआधी अर्ध्या तासाचं काम होतं ते.

'मग नाही वर खूण करायची' असा सल्ला देणारे प्रत्येक गटात असतातच. तो ऐकू नका. अपघात झालाच तर विमा कंपनी हाच कागद मागते, आणि त्यावर तुमचीच सही असते.

गटप्रमुखाने करायचं ते एवढंच: हा फॉर्म पैसे भरायच्या आधी सगळ्यांना पाठवायचा. उत्तरं मागायची नाहीत, ती ज्याची त्याची खासगी बाब आहे. फक्त विचारायचं, 'तुला तिसरं पान लागतंय का?' लागत असेल तर निघण्यापूर्वी किमान दीड-दोन महिने हाताशी ठेवा. डॉक्टर ईसीजी किंवा ट्रेडमिल चाचणी सांगू शकतात. सही झालेली मूळ प्रत सोबत न्यायची, फोनमधला फोटो प्रत्येक ठिकाणी चालतोच असं नाही. गर्भवतींनी डाइव्ह करायचं नाही, त्यात डॉक्टरांच्या सहीचाही प्रश्न येत नाही.

कार्ड, लॉगबुक आणि गटातला सगळ्यात नवखा

गटाची पात्रता त्यातल्या सगळ्यात नवख्या डायव्हरवर ठरते. ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या कोर्सचं, कार्ड असलेल्याची मर्यादा १८ मीटर, त्यापुढच्या अॅडव्हान्स्डची ३० मीटर. मुलं दहाव्या वर्षापासून ज्युनिअर कार्ड मिळवू शकतात, पण १० आणि ११ वर्षांच्या मुलांना १२ मीटरच्या खाली नेता येत नाही, आणि पंधराव्या वर्षापर्यंत सोबत मोठं माणूस लागतं. पॅडी, एसएसआय, नाउई, सीएमएएस यांपैकी कुठल्या प्रशिक्षण संस्थेचं कार्ड आहे याने सहसा अडत नाही.

अडतं ते लॉगबुकपाशी, म्हणजे आपल्या डाइव्हच्या नोंदवहीपाशी. इजिप्तमधल्या तांबड्या समुद्रात ब्रदर्स किंवा डिडलससारख्या किनाऱ्यापासून दूरच्या रीफवर जाणाऱ्या बोटी किमान ५० नोंदवलेल्या डाइव्ह मागतात. तिथे भिंती सरळ खाली उतरतात आणि प्रवाह जोराचा असतो, त्यामुळे ही अट मला रास्त वाटते. 'साधारण पन्नास झाल्या असतील' हे उत्तर पुरत नाही. तारीख, ठिकाण, खोली, वेळ आणि सोबत्याची किंवा गाइडची सही असलेली पानं लागतात. डाइव्ह कम्प्युटरमधली (पाण्यात खोली आणि वेळ मोजणाऱ्या यंत्रातली) नोंद अॅपवर उतरवून ठेवली असेल तर तीही दाखवता येते, पण फोनमध्ये साठवून ठेवा. भर समुद्रात नेटवर्क शोधत बसायची वेळ येते.

मालदीवमध्ये गोष्ट उलटी आहे. तुमचं कार्ड ४० मीटरचं असलं तरी तिथल्या नियमाप्रमाणे मनोरंजनासाठीच्या डाइव्हला ३० मीटरची मर्यादा आहे, आणि डीकॉम्प्रेशन थांबे (वर येताना अंगातला नायट्रोजन निघून जावा म्हणून मध्ये घ्यायचे थांबे) लागतील अशी डाइव्ह करायची नाही. त्याच देशातलं हनिफारू बे हे मांटा रे माशांसाठी गाजलेलं ठिकाण तर २०१२ पासून स्कूबाला बंदच आहे, तिथे फक्त स्नॉर्केलिंग करता येतं. हे न वाचता सिलिंडरचं स्वप्न घेऊन जाणारे गट अजूनही भेटतात.

गेल्या सहा महिन्यांत किंवा वर्षभरात पाण्यात उतरलेलेच नसाल तर सेंटर रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा छोटा कोर्स, करायला लावतं. तो जाण्यापूर्वी करून घेतला तर तिकडचा एक दिवस वाचतो. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनचं हवेचं मिश्रण) घ्यायचं असेल तर त्याचं वेगळं कार्ड लागतं. 'मी नेहमी वापरतो' म्हटल्याने सिलिंडर मिळत नाही.

गटात अजून कोर्स न केलेलं कुणी असेल तर रेफरलचा मार्ग चांगला आहे. थिअरी आणि पूलमधला भाग आधी उरकायचा, रेफरलचा कागद घ्यायचा आणि समुद्रातल्या चार डाइव्ह रीफवर करायच्या. पॅडीचा हा कागद १२ महिने चालतो. सुट्टीचे तीन दिवस वर्गात बसण्यापेक्षा हे किती तरी बरं.

ठिकाणाचे परवाने

रीफचा परवाना आणि देशात शिरण्याचा व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मलेशियातल्या सिपादान बेटावर २००४ पासून मुक्काम करता येत नाही, आणि रोज ठरावीक संख्येनेच परवाने निघतात. परवान्यासाठी प्रत्येकाचा पासपोर्टचा तपशील आधी द्यावा लागतो. बारा जणांच्या गटाला एकाच दिवशी बारा परवाने मिळतील असं धरून चालू नका, सेंटर आळीपाळीने पाठवतात. 'आम्ही सगळे एकत्रच जाणार' हा हट्ट इथे सोडावा लागतो.

थायलंडची सिमिलान बेटं १६ मे ते १४ ऑक्टोबर बंद असतात, तेव्हा शाळेच्या सुट्ट्या पाहून तारखा ठरवणाऱ्यांनी आधी हे बघावं. कॅरिबियनमधल्या बोनेअरला समुद्री उद्यानाचं ४० डॉलरचं वार्षिक शुल्क आहे, पहिल्या डाइव्हआधी ओरिएंटेशन घ्यावं लागतं आणि हातमोजे घालायला मनाई आहे. हातमोजे घातले की माणूस प्रवाळाला धरतो, एवढं साधं कारण. इक्वेडोरच्या गालापागोस बेटांचं उद्यान शुल्क ऑगस्ट २०२४ मध्ये १०० वरून २०० डॉलर झालं, त्यामुळे जुन्या सहलीचा हिशेब नव्या गटाला पाठवू नका.

देशात शिरण्याचे कागद

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने चालू असला की बहुतेक ठिकाणी प्रश्न येत नाही. व्हिसा गटाला मिळत नाही, माणसाला मिळतो. एकाच गटात वेगवेगळ्या देशांचे पासपोर्ट असतील तर नियमही वेगवेगळे, आणि वाटेत विमान बदलत असाल तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का हेही प्रत्येकाने पाहायचं. मालदीव बहुतेक सगळ्या देशांच्या पर्यटकांना पोचल्यावर ३० दिवसांचा मोफत व्हिसा देतं, पण प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत 'इमुगा' हा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. तोही मोफतच असतो. पैसे मागणारं पान उघडलं असेल तर ते बंद करा. थायलंडने १ मे २०२५ पासून कागदी कार्डाऐवजी डिजिटल आगमन कार्ड सुरू केलं आहे. पॅसिफिकमधल्या पलाऊमध्ये १०० डॉलरचं पर्यावरण शुल्क तिकिटातच धरलेलं असतं, आणि पासपोर्टवर उमटवलेल्या प्रतिज्ञेखाली सही करावी लागते: या बेटांचं नुकसान करणार नाही, अशी तिथल्या मुलांना उद्देशून केलेली प्रतिज्ञा.

जिथे आधी अर्ज लागतो तिथे सगळ्यांनी एकाच प्रवास-आराखड्याची प्रत जोडावी. गटप्रमुखाच्या पत्रात सगळ्यांची नावं, पासपोर्ट क्रमांक आणि तारखा असाव्यात. अल्पवयीन मुलासोबत एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र घ्या. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशातून जात असाल तर लशीचं प्रमाणपत्र लागू शकतं. ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य होतं आणि आता आयुष्यभर चालतं.

आणि नाव. पासपोर्टवर तीन शब्द, सर्टिफिकेशन कार्डवर दोन, तिकिटावर आडनाव आधी. एकेकटं पाहिलं तर किरकोळ, पण परवान्याच्या यादीशी जुळवताना त्रास होतो. कुठेही नाव भरताना पासपोर्टच उघडून ठेवा.

विमा

साध्या प्रवास विम्यात स्कूबा कधी पूर्ण वगळलेलं असतं, कधी ठरावीक खोलीपर्यंतच धरलेलं असतं. पॉलिसीत तीन गोष्टी शोधा: खोलीची मर्यादा, डीकॉम्प्रेशन चेंबरमधला (डाइव्हनंतरच्या दाबाच्या आजारासाठीच्या दाबकक्षातला) उपचार आणि तिथपर्यंत पोचवण्याचा खर्च. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण रीफ जितकं सुंदर तितकं चेंबर लांब. डॅनसारख्या (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) संस्थांचा खास डाइव्ह विमा वेगळा घेता येतो. आपल्या कार्डाच्या मर्यादेपेक्षा खोल गेलात तर दावा अडचणीत येतो, तेव्हा 'गाइड सोबत होता' या भरवशावर राहू नका. बऱ्याच लिव्हअबोर्ड, म्हणजे मुक्कामाच्या, बोटी विम्याचा क्रमांक दिल्याशिवाय चढूच देत नाहीत.

करार आणि पैसे

पूर्ण बोट घेतलीत तर करारावर एकाच्या नावाने सही होते आणि रिकाम्या राहिलेल्या जागांचा भार त्याच माणसावर पडतो. म्हणून गटातल्या प्रत्येकाकडून लेखी घ्या: कोणत्या तारखेनंतर माघार घेतली तर किती पैसे जातील, आणि वैद्यकीय नकार आला तर काय. काही बोटी ठरावीक संख्येमागे एक जागा मोफत देतात. ती कुणाची हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. माझा कल ती सगळ्यांत वाटून टाकण्याकडे असतो. मैत्री टिकते.

तिकीट आणि सामान

आता तिकीट. अंगातला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो, म्हणून परतीचं विमान ठरवताना शेवटच्या डाइव्हपासून मोजायचं. डॅनच्या मार्गदर्शनाप्रमाणे एकच साधी डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, अनेक दिवस अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं. गटाच्या सहलीत दुसराच प्रकार असतो, त्यामुळे मी सरळ २४ तास धरतो. बेटावरून मुख्य विमानतळावर नेणारं छोटं विमानही यात मोजा, ते नेहमी विसरलं जातं.

टॉर्च आणि कॅमेऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवायच्या, टोकांना चिकटपट्टी लावून. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची मंजुरी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. चाकू चेक-इन बॅगेत, श्वास घ्यायचा रेग्युलेटर आणि डाइव्ह कम्प्युटर शक्यतो जवळ. सनस्क्रीनची बाटली वाचून घ्या: ऑक्सिबेन्झोनसारखे घटक असलेली पलाऊमध्ये २०२० पासून आणि थायलंडच्या समुद्री उद्यानांत २०२१ पासून चालत नाही.

परतताना बॅगेत प्रवाळाचा तुकडा नको, किनाऱ्यावर पडलेला मेलेला असला तरी. कठीण प्रवाळांच्या सगळ्या जाती साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि परवान्याशिवाय ते नेणं कस्टम्सवर महागात पडू शकतं. बारा जणांच्या गटात एकाची बॅग उघडली की उरलेल्या अकरा जणांनाही तिथेच ताटकळावं लागतं.