हाडातला पू की युइंग सार्कोमा?

परभणी-हिंगोलीकडे पोराची मांडी सुजली की घरच्यांचं उत्तर ठरलेलं: कबड्डीत मार लागला असेल. मग हाडवैद्याचा लेप, तेलाने चोळणं. त्यात आठवडे जातात. पुढे डॉक्टर ताप, सूज आणि वाढलेला ईएसआर (शरीरात दाह असल्याचं सांगणारी रक्ततपासणी) बघून 'हाडात इन्फेक्शन' म्हणतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. मुलांमध्ये ऑस्टिओमायलायटिस, म्हणजे हाडाचा जंतुसंसर्ग, युइंग सार्कोमा या हाडाच्या कॅन्सरपेक्षा कितीतरी जास्त आढळतो.

पण युइंगही नेमका याच वेषात येतो. जेम्स युइंग यांनी १९२१ साली वर्णन केलेला हा दुर्मीळ कॅन्सर मुख्यतः १० ते २० वर्षांच्या वयात होतो, आणि त्यातही ताप येतो, ईएसआर वाढतो. एक्स-रेत हाडावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसले की युइंग, असं शिकवतात. तसे थर संसर्गातही दिसतात.

फरकाच्या खुणा आहेत, पण कच्च्या. संसर्ग बहुधा काही दिवसांत भडकतो, लांब हाडाच्या टोकाजवळ धरतो आणि योग्य अँटिबायोटिकने लवकर उतरू लागतो. युइंगचं दुखणं महिनोन्‌महिने येतं-जातं, रात्री वाढतं. तो हाडाच्या मधल्या भागात किंवा कमरेच्या हाडात जास्त होतो, आणि एमआरआयमध्ये हाडाबाहेर मांसल गाठ दिसते.

खरा चकवा चिरा दिल्यावर बसतो. मेलेली गाठ पातळ होऊन हुबेहूब पुवासारखी दिसते. 'पू निघाला' म्हणून नमुना फक्त कल्चरला (जंतू शोधायच्या तपासणीला) गेला, की संपलं! तोच नमुना पॅथॉलॉजीलाही, म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायलाही, गेलाच पाहिजे; गेला का, हे नातेवाइकांनी बिनधास्त विचारावं. तिथे सीडी९९ या पेशींवरच्या प्रथिनाची तपासणी आणि ईडब्ल्यूएसआर१ जनुकातला बदल यांवरून युइंग पक्का होतो. बायोप्सीही (तपासणीसाठी गाठीचा तुकडा) शक्यतो पुढचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच घ्यावी. चिरा भलत्या जागी गेला तर पाय वाचवणं अवघड होतं.

उपचारांत मात्र काहीच साम्य नाही. संसर्गाला पू काढणं आणि साधारण ४ ते ६ आठवडे अँटिबायोटिक. युइंगला आधी केमोथेरपी (व्हिनक्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फमाइड, आलटून-पालटून आयफॉस्फमाइड-इटोपोसाइड), मग ऑपरेशन किंवा रेडिएशन, पुन्हा केमो. आजार पसरलेला नसेल तर सुमारे ७० टक्के रुग्ण पाच वर्षांपुढे जगतात. पसरल्यावर हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास येतं.

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईला टाटात जाताना जुने एक्स-रे, एमआरआय आणि बायोप्सीचे ब्लॉक-स्लाइड (मेणात जपलेला तुकडा आणि त्याच्या काचपट्ट्या) सोबत न्या. नुसता रिपोर्ट पुरत नाही, स्लाइड तिथे पुन्हा बघतात.