हिरवे टोमॅटो विषारी? मग आजीची चटणी काय होती!

गच्चीतल्या कुंडीतले चेरी टोमॅटो पिकायचं नाव घेत नाहीत, म्हणून लोक ते सरळ फेकतात. कारण एकच: 'कच्च्या टोमॅटोत सोलानिन असतं, विष आहे ते.' सोलानिन हा मुख्यतः हिरव्या पडलेल्या बटाट्याचा प्रश्न. कच्च्या टोमॅटोत असतं ते प्रामुख्याने टोमॅटिन, म्हणजे सोलानिनसारखंच पण वेगळं कडू द्रव्य. फळ पिकताना ते झपाट्याने कमी होतं आणि पोटात गेलं तरी त्यातलं फार थोडं शरीरात शोषलं जातं. शिजवल्याने ते उडून जातं, हाही गैरसमजच. अगदी बारीक, कोवळ्या फळांत ते जास्त असतं, कडू लागतात, ती सोडा. पाला तर खाऊच नका.

बाकीचे टोमॅटो अर्धे चिरून तेलावर लसूण-मिरचीसोबत परता, साल सुरकुतली की भाजलेले शेंगदाणे, तीळ, गुळाचा खडा घालून जाडसर वाटा. भाकरीबरोबर वाटीभर चटणी सहज संपते.

व्हिनेगरमध्ये टिकवायचे असतील तर अख्खे टाकू नका. साल गुळगुळीत, आंबटपणा आत शिरत नाही. टोचा किंवा चिरा, आणि बरणी फ्रिजमध्येच ठेवा. नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवणं मात्र खरंच धोक्याचं.