देवळं, छत्र्या आणि इंदूरचे चित्रकार

देऊळ, घाट किंवा छत्री समोर ठेवून चित्र काढणं ही इंदूरच्या चित्रकारांची जुनी सवय, आणि मला विचाराल तर ती देवभक्तीपेक्षा उन्हाच्या ओढीनं लागलेली आहे. छत्री म्हणजे इथे होळकरांचं स्मारक. कान्ह नदीकाठची कृष्णपुरा छत्री राजवाड्यापासून अगदी जवळ, आत राजघराण्यातल्या लोकांचे पुतळे आणि वर देवळासारखी शिखरं.

१९२७ मध्ये दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी इथे चित्रकला शाळा सुरू केली. ना. श्री. बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर, म. फि. हुसेन हे सगळे तिथलेच. बाहेर उघड्यावर बसून रंगाचे जाड, मोकळे पॅच मारत लँडस्केप करायचा यांचा हात इतका वेगळा होता की मुंबईच्या प्रदर्शनांतही इंदूरचं काम लोक ओळखायचे.

आजचे चित्रकार स्केचबुक घेऊन जास्त जातात ते महेश्वरला. किल्ला आणि घाट नर्मदेच्या उत्तर काठावर, म्हणजे तोंड दक्षिणेला, त्यामुळे थंडीत दिवसभर तिरपं ऊन दगडावर खेळत असतं आणि पाण्यावरून परतलेला उजेड खालून कमानींच्या पोटात शिरतो, म्हणून सावली कधीच नुसती काळी दिसत नाही, तिच्यात निळा असतो, जांभळा असतो, कधी चक्क केशरी. नवशिक्या पोरं दगड राखाडी म्हणून राखाडी लावतात आणि चित्र तिथेच मरतं. वॉटरकलरवाले आधी उन्हाचा कागद कोरा सोडतात, मग सगळ्या सावल्यांचा एकच ओला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, फिरवतात, तिथल्या विठोजी होळकरांच्या छत्रीच्या जोत्यावरचे कोरलेले हत्ती शेवटी दोन-चार गडद टचमध्ये येतात. नक्षी मोजत बसलं की झालंच, ते ड्रॉइंग होतं, पेंटिंग नाही. इंदूरचं काच मंदिर, म्हणजे आतून सगळं आरशांनी मढवलेलं जैन देऊळ, मात्र फार कमी लोक हातात घेतात, कारण तिथे प्रत्येक भिंत दुसऱ्या भिंतीला दाखवते आणि उजेड नेमका कुठून येतोय तेच ठरत नाही.

हा धागा इंदूरबाहेरही जातो. १९६० मध्ये हुसेन आणि दिल्लीचे चित्रकार रामकुमार दोघं मिळून बनारसला गेले. तिथला काशी विश्वनाथ आणि मणिकर्णिका घाट १८व्या शतकात अहिल्याबाईंनीच नव्यानं बांधून घेतलेला, म्हणजे इंदूरचा मुलगा होळकरांच्याच पायऱ्यांवर स्केच करत होता म्हणा ना! रामकुमारांनी मात्र पुढे त्या घाटांवरची माणसं काढूनच टाकली, उरले घरांचे ठोकळे, भिंती आणि पाणी, आणि हळूहळू ते पूर्ण अमूर्ताकडे गेले. देवळातून देव, मूर्ती, कळस सगळं वगळूनही जागेचं पावित्र्य चित्रात टिकतं हे त्यांनी जितकं दाखवलं तितकं नुसती हुबेहूब शिखरं रंगवणाऱ्या कुणीच नाही दाखवलं.