उन्हाळा आणि पारंपरिक चिनी वैद्यक : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

शेवंतीच्या वाळलेल्या फुलांचा चहा आमच्याकडून नेणारे बहुतेक ग्राहक उन्हाळा लागला की एकच प्रश्न विचारतात : "यात बर्फ किती घालायचा?" चिनी वैद्यकाच्या दृष्टीने त्याचे उत्तर "मुळीच नाही" असे आहे, ते तसे का, हे गल्ल्यावर उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून हे पत्रक छापले आहे.

या वैद्यकाचा पाया मानला जाणारा ‘हुआंगदी नेइजिंग’ हा ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झाला. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत रात्री थोडे उशिरा झोपावे, सकाळी लवकर उठावे, उन्हाचा कंटाळा करू नये आणि मनात राग ठेवू नये, असे त्यात सांगितले आहे. त्यांच्या पंचतत्त्वांत उन्हाळा अग्नीचा आणि अग्नी हृदयाचा. घाम हा हृदयाचाच द्रव समजतात. त्यामुळे घाम येऊ द्यावा, मात्र घामाच्या धारा लागतील असे श्रम करू नयेत, आणि हृदयाची मानलेली दुपारी अकरा ते एक ही वेळ शक्य तितकी विश्रांतीत घालवावी. (आमचे दुकान एक ते चार बंद असते, परंतु त्यामागे चिनी वैद्यक नाही.)

आता बर्फाविषयी. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार लागते, तसेच काहीसे शरीराचे होते, अशी ही कल्पना आहे : ‘यांग’ म्हणजे उष्ण, चलनशील शक्ती या दिवसांत त्वचेकडे येते आणि पोट आतून तुलनेने थंड राहते, त्यावर बर्फाचे पाणी ओतल्यास पचन मंदावते. हिवाळ्यात मुळा आणि उन्हाळ्यात आले खाणाऱ्याला वैद्याच्या चिठ्ठीची गरज पडत नाही, अशा अर्थाची चिनी म्हण याच विचारातून आली आहे. ग्रीष्मात जठराग्नी मंद असतो असे आयुर्वेदही म्हणतो, परंतु तो या ऋतूत तिखट आणि उष्ण पदार्थ टाळायला सांगतो. येथे दोन्ही शास्त्रांच्या वाटा वेगळ्या होतात. आपण वैद्यांच्या सल्ल्याने पथ्य पाळत असाल, तर त्यात चिनी पथ्याची भर घालू नये, असे आमचे मत आहे.

आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. चीनमध्ये सर्वांत तापदायक समजले जाणारे ‘सानफू’चे 30 किंवा 40 दिवस जुलैच्या मध्याच्या सुमारास सुरू होऊन ऑगस्टमध्ये संपतात, आणि त्या उष्म्याला दमटपणाची जोड असते. म्हणूनच त्यांच्या उपायांत उष्णतेबरोबर ओलावाही काढून टाकण्यावर भर असतो. ज्याचे आपण सांडगे घालतो, त्या कोहळ्याचे सालीसकट केलेले सूप हे त्याचे साधे उदाहरण. हा विचार मुंबई-कोकणातील उकाड्याला जितका लागू पडतो, तितका विदर्भातील कोरड्या उन्हाला पडत नाही.

मुगाचे पाणी मात्र कोणीही करून पाहावे. उकळत्या पाण्यात धुतलेले हिरवे मूग घालून, झाकण ठेवून, मोठ्या आचेवर सुमारे दहा मिनिटे उकळावेत आणि दाणे फुटण्यापूर्वी वरचे हिरवट पाणी गाळून कोमट प्यावे. उष्मा शमवण्याचा गुण सालीत मानला जात असल्यामुळे मूग पूर्ण शिजवायचे नसतात. शिजले तर ते आपले नेहमीचे कढण झाले. हवा लागून पाणी तांबूस झाले, तरी ते बिघडले असे समजू नये. लिंबाचे दोन थेंब घातल्यास हिरवेपणा टिकतो.

शेवंतीची पाच-सहा फुले काचेच्या पेल्यात घेऊन त्यांवर उकळून किंचित निवलेले पाणी ओतावे. पाच मिनिटांत पाकळ्या उमलतात आणि पाणी फिकट पिवळे होते. त्याच फुलांवर आणखी दोनदा पाणी घालता येते. डोळ्यांची जळजळ आणि उष्णतेची डोकेदुखी यांवर हा चहा परंपरेने घेतला जातो, परंतु आम्ही तो औषध म्हणून विकत नाही. फुले थंड गुणाची मानली जातात, म्हणून ज्यांचे पोट वारंवार बिघडते त्यांनी बेताने घ्यावा. शेवंती किंवा त्या कुळातील फुलांची अॅलर्जी असणाऱ्यांनी घेऊ नये. पूजेसाठी बाजारातून आणलेली शेवंती वाळवून चहा करू नये, कारण तिच्यावर कीटकनाशकांची फवारणी झालेली असू शकते. आमच्या ज्या मिश्रणात ज्येष्ठमध आहे, ते रक्तदाब असलेल्या ग्राहकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नये.

चीनहून येणारे नातेवाईक कधीकधी ‘हुओश्यांग झेंगची श्वेइ’ नावाच्या औषधाच्या छोट्या बाटल्या आणतात. त्यात मद्यार्क बराच असतो. काही प्रतिजैविकांबरोबर घेतल्यास गंभीर त्रास होऊ शकतो, आणि ते घेऊन वाहन चालवू नये.

अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी कोणताही चहा किंवा काढा पाजत बसू नये. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि 108 क्रमांकावर ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी.