३९,९९० चा हिशेब

शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा हंगाम संपला तरी कोल्हापुरातल्या पेठांची खुन्नस संपत नाही. ती गेमिंग पार्लरमध्ये फुटबॉलच्या गेमवर निघते. मॅच झाली की वाद रंगतो तो सोनीचा पुढचा प्लेस्टेशन, म्हणजे गेम खेळायचा कन्सोल, केवढ्याला येणार यावर. ‘भावा, लाखाच्या आत येत नाही,’ म्हणणाऱ्याला वेड्यात काढायचं कारण नाही.

बहुतेक जण डॉलरच्या भावानं गुणाकार करतात आणि तिथंच फसतात. प्लेस्टेशन ३ चं ६० जीबीचं मॉडेल २००६ मध्ये अमेरिकेत ५९९ डॉलरला आलं. भारतात २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना. प्लेस्टेशन ४ तिकडे ३९९ डॉलरला, इथं २०१४ च्या जानेवारीत पुन्हा ३९,९९०! मधल्या काळात डॉलर ४१ वरून ६२ च्या घरात गेला होता, त्यामुळे तिकडची २०० डॉलरची स्वस्ताई इथं कुणाच्या पदरात पडलीच नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत प्लेस्टेशन ५ ची डिस्कशिवायची आवृत्तीही त्याच आकड्यावर. डिस्कवालं मात्र ४९,९९०.

यंत्राच्या आत काय असेल, हे ओळखणं त्यामानानं सोपं. प्लेस्टेशन ३ मध्ये सगळी मिळून ५१२ एमबी मेमरी होती, ४ मध्ये ८ जीबी, ५ मध्ये १६. आधी सोळापट, मग नुसतं दुप्पट. उरलेली कसर हार्डडिस्क काढून बसवलेल्या वेगवान एसएसडीनं, म्हणजे चिपवरच्या साठवणीनं, भरून काढली. २०२५ च्या ऑक्टोबरात सोनी आणि चिप बनवणाऱ्या एएमडीनं पुढच्या चिपबद्दल सांगितलं, त्यातही भर होता तो एआयनं चित्र सुधारण्यावर, रे ट्रेसिंगवर (खऱ्यासारखा उजेड-सावली दाखवण्याचं तंत्र) आणि डेटा दाबून बसवण्यावर. त्यामुळे मेमरीत मोठी उडी धरून चालणारे बहुधा चुकतील.

किमतीचं जुनं गणित मात्र पार मोडलंय. पूर्वी चिप लहान होत जायची, तसा कन्सोल स्वस्त व्हायचा; २००९ चं सडपातळ प्लेस्टेशन ३ तिकडे २९९ डॉलरला मिळत होतं. प्लेस्टेशन ५ उलट महाग झालं. ४९९ डॉलरचं यंत्र २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५४९ वर गेलं, भारतात तर २०२२ अखेरीसच ५४,९९०. त्याचं जास्त ताकदीचं प्रो मॉडेल आलं ते ६९९ डॉलरला, तेही डिस्क ड्राइव्हशिवाय. त्यात २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे भाव चढवले. ३९,९९० ला नवं कोरं यंत्र घेऊ म्हणून थांबलेल्यांनी आता जुनंच बघावं.