सह्याद्रीचा कातळ कार्बन खातो, पण किती सावकाश!

“हवामान आधीपासून बदलतच आलंय. एक ज्वालामुखी फुटला की माणसाच्या शंभर वर्षांच्या धुरापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.” उन्हाळा तापला की हा मजकूर साताऱ्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हमखास फिरतो. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं सपशेल खोटं आहे. ते का, हे समजून घ्यायला सातारा-सांगलीसारखी जागा नाही, कारण आपण राहतो तेच मुळी लाव्ह्यावर.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहू लागला. मधे थांबत, पुन्हा उसळत, बहुतेक सगळा लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर आला आणि थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात खोल विवरं घेतली, तेव्हा जवळपास एक किलोमीटर काळा पाषाण पार केल्यावर खालचा ग्रॅनाइट लागला. घाटात दोन थरांच्या मधे गेरूसारखी लाल पट्टी दिसते ना, तिथे बऱ्याचदा एक उद्रेक संपून दुसरा सुरू होईपर्यंत दगडाची माती व्हायला वेळ मिळालेला असतो.

आता हिशोब करू. एका अंदाजानुसार एक घन किलोमीटर दख्खनी लाव्ह्यामागे साधारण १ कोटी ४० लाख टन कार्बन डायऑक्साइड सुटला. आज आपण कोळसा, तेल, वायू जाळून आणि सिमेंट करून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन सोडतो. म्हणजे दरवर्षी अडीच हजार घन किलोमीटरहून जास्त लाव्ह्याइतका! सगळा दख्खनी लाव्हा दहा लाख घन किलोमीटर धरला, तर आजच्या वेगाने आपण चारशे वर्षांत त्याची बरोबरी करू. जमिनीखालीच थिजलेल्या शिलारसातूनही वायू निसटला असणार, म्हणून आकडा दहापट वाढवा. तरी चार हजार वर्षं. निसर्गाला त्याच कामाला लाखो वर्षं लागली होती. आज जगभरचे सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला ३० ते ४० कोटी टनांच्या आसपास सोडतात, म्हणजे आपल्या एक टक्क्याच्या घरात.

मग इतका वायू बाहेर पडूनही पृथ्वी कायमची भट्टी का झाली नाही? मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडणारी गोष्ट इथे येते. ज्या दगडाबरोबर तो वायू वर आला, तोच दगड पुढे वायू गिळत बसला.

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात रस्त्यासाठी कापलेला डोंगर थांबून बघा. वर माती, खाली मुरूम, त्याखाली घट्ट काळा पाषाण. मुरमात गोल धोंडे अडकलेले असतात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटत असतात. हे काम पावसाचं. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून अगदी सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होतं. जमिनीत मुरताना त्याची ताकद वाढते, कारण मुळं आणि जिवाणू श्वसन करत असल्याने मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्यापेक्षा दहा ते शंभर पट असतो. हे आम्ल बेसाल्टमधल्या, म्हणजे या काळ्या पाषाणातल्या, फेल्डस्पार आणि पायरोक्सीन या खनिजांतून कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवून घेतं. वायू मात्र आता वायू राहत नाही, बायकार्बोनेट होऊन पाण्यात उतरतो. कृष्णा, कोयना, वेण्णा हे विरघळलेलं ओझं बंगालच्या उपसागरापर्यंत नेतात. समुद्रातले जीव त्यापासून शिंपले, कवचं बनवतात. कॅल्शियमच्या एका अणूमागे हवेतून दोन रेणू वायू आलेला असतो. कवच बनताना त्यातला एक सुटतो आणि दुसरा चुनखडीत अडकतो. तो पुढे लाखो-कोटी वर्षं तिथेच.

हीच प्रक्रिया आपल्या दोन जिल्ह्यांत दोन रूपांत दिसते. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. तिथे विरघळणारं सगळं धुऊन गेलं आणि मागे लोह-ॲल्युमिनियमचा जांभा उरला. पाचगणीचं टेबललँड आणि कासचा सडा, म्हणजे कातळी पठार, हा तोच उरलेला जांभा. पूर्वेला माण, जत, कवठेमहांकाळकडे जा. पाऊस पाचशेच्या आसपास, धुऊन न्यायला पाणीच नाही, म्हणून चुना मातीतच साचतो. द्राक्षाची पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या की तासगावचा बागायतदार म्हणतो, जमीन चुनखड आहे. त्या जमिनीतला पांढरा खडा कुटून त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे येतील. कधीकाळी पावसाच्या पाण्यात विरघळून जमिनीत अडकलेला कार्बन डायऑक्साइड तुमच्या समोर परत हवेत जातो!

पृथ्वी तापली की पाऊस वाढतो, रासायनिक क्रियाही जोर धरतात, म्हणून दगड जास्त वायू ओढतो आणि तापमान उतरतं. थंडी वाढली की हे काम मंदावतं आणि ज्वालामुखींचा वायू हवेत साचू लागतो. अशी ही स्वतःला सावरणारी व्यवस्था आहे. पण जगभरचा दगड मिळून वर्षाला ओढतो तो वायू ज्वालामुखींच्या उत्सर्जनाइतकाच, म्हणजे पुन्हा आपल्या एक टक्क्याच्या आसपास. निसर्ग आपला धूर नक्की निस्तरेल, पण लाखो वर्षांनी.

हवेतला वाढीव वायू आपलाच कशावरून? कार्बनचे हलके आणि जड असे दोन स्थिर प्रकार आहेत, कार्बन-१२ आणि कार्बन-१३. वनस्पती हलका जास्त घेतात. कोळसा आणि तेल प्राचीन सजीवांपासून झाल्याने त्यांतही जड कार्बन कमी. हवेत कार्बन-१३ चं प्रमाण घटत चाललंय. ज्वालामुखीचा वायू त्याचं कारण असता तर इतकं घटलं नसतं, कारण त्यात जड कार्बन जास्त असतो. शिवाय हवेतला ऑक्सिजनही किंचित घटतोय, आणि ऑक्सिजन खर्च होतो जळणाने. १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू ३१५ भाग होता, आता ४२० च्या पुढे आहे. बर्फातल्या बुडबुड्यांची आठ लाख वर्षांची नोंद पाहिली तर औद्योगिक काळाआधी तो कधी ३०० च्या फार वर गेलेला नाही.

पृथ्वी सूर्यामुळे तापतेय असं म्हणाल तर १९७८ पासून उपग्रह त्याचं तेज मोजताहेत. ते वाढलेलं नाही. सूर्यामुळे तापलं असतं तर स्थितांबर हा वातावरणाचा वरचा थरही तापला असता, तो थंड होतोय. पृथ्वीच्या कक्षेतले बदल हिमयुगं आणतात हे खरं, पण हजारो वर्षांच्या चालीने. आणि १९९१ च्या फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाने तर गंधकाच्या धुक्यामुळे पृथ्वी वर्ष-दोन वर्षं सुमारे अर्ध्या अंशाने थंडच केली.

जत्रेतल्या भाकणुकीवर पेरणी ठरवणं मला पटत नाही, तसंच विज्ञानाचं नाव घेऊन आलेलं स्वप्नही डोळे मिटून घेऊ नये. बेसाल्टची पूड शेतात टाका, कार्बन क्रेडिट (हवेतला कार्बन अडकवल्याबद्दल विकता येणारं प्रमाणपत्र) मिळवा, अशी जाहिरात हल्ली होते. त्यामागचं रसायन खरं आहे, वर सांगितलं तेच. पूड केली की दगडाचा पृष्ठभाग वाढतो आणि काम लवकर होतं, त्यावर जगभर गंभीर संशोधनही चालू आहे. पण दळायला वीज आणि वाहतुकीला डिझेल लागतं, आणि किती कार्बन अडकला हे शेतात मोजणं अवघड. त्यातही जावळी-महाबळेश्वरच्या आम्लधर्मी तांबड्या मातीत पूड लवकर झिजेल. सांगलीच्या पूर्व भागात, जिथे सामू (pH, मातीची आम्लता-विम्लता दाखवणारा आकडा) आधीच आठच्या वर, म्हणजे विम्ल आहे, तिथे तिला झिजवणारं आम्लच अपुरं. पूड विकणारा दारात आला तर त्याच्यापुढे आधी माती परीक्षणाचा कागद ठेवा. त्यातला सामू न बघताच तो टनाचे पैसे सांगू लागला, तर त्याला परत पाठवा.