महापुरानंतर मातीत कोण उरतं?

२००५, २०१९, २०२१. पंचगंगेला महापूर आला की शिरोळ-करवीर भागातला ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली राहतो. उसाचे पंचनामे होतात. मातीतल्या जिवाणूंचे कोण करणार? चिमूटभर मातीत ते कोट्यवधी असतात.

पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. त्यामुळे पाणी तुंबलं की मातीतला प्राणवायू लवकरच संपत येतो. मग काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर (मातीत युरियापासून बनणारं नत्राचं एक रूप) श्वास चालवतात. म्हणजे आपण युरियातून दिलेलं नत्र वायू होऊन उडून जातं. त्यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइडचा, आणि १०० वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमान वाढवतो.

जिवाणूंच्या या बदलाला उत्क्रांती म्हणायची घाई नको. जनुकं जुनीच, बंद असलेली आता चालू झाली, इतकंच. पाणी आणखी रेंगाळलं तर वस्तीच बदलते. हवा लागणारे मरतात, काही बीजाणू (कवचबंद सुप्त रूप) करून पडून राहतात आणि मिथेन सोडणारे सूक्ष्मजीव वाढतात. तरी हीसुद्धा उत्क्रांती नव्हे.

खरी उत्क्रांती म्हणजे जनुकातच बदल होणं आणि तो बदल झालेल्यांची संख्या वाढणं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ई. कोलायच्या ११५ वसाहती ४२.२ अंश सेल्सिअसला २,००० पिढ्या वाढवल्या होत्या. (हा आतड्यातला जिवाणू, मातीतला नव्हे, पण प्रयोगशाळेत तोच सोयीचा.) सुरुवात एकाच पूर्वजापासून, तरी बदल जागोजागी वेगळे. बदललेली जनुकं मात्र बरीचशी तीच, आणि उष्णतेशी जुळवून घेण्याच्या वाटा प्रामुख्याने दोन.

प्रयोगशाळेत हा जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. मातीत अन्न तुटपुंजं, बहुतेक जिवाणू निपचित पडलेले, त्यामुळे एका पिढीला कित्येक दिवस लागू शकतात. ती कसर जनुकांची देवाणघेवाण थोडीफार भरून काढते: प्लास्मिड नावाचा डीएनएचा छोटा गोल तुकडा एका जिवाणूतून दुसऱ्यात जातो, कधी वेगळ्या जातीतही.

या सगळ्यात निवड होते ती तगणाऱ्याची. उसाला नत्र मिळतंय की नाही, याच्याशी जिवाणूला देणंघेणं नाही. म्हणूनच पूर ओसरल्यावर वाफसा येण्याआधी (जादा पाणी निचरून मातीत हवा खेळू लागण्याआधी) युरिया टाकला, तर ओल्या रानात त्यातलं बरंचसं नत्र उसाच्या मुळांना लागण्याआधीच हवेत जाऊ शकतं.